सासूबाई इंग्रजीत वारल्या, त्याची गोष्ट

माझ्या सासूबाई एकदा इंग्रजीत वारल्या होत्या.

मराठीत त्या ठणठणीत होत्या. टँकरच्या रांगेत उभ्या राहून पुढच्या बाईशी कडाकडा भांडत होत्या. पण त्याच वेळी आमच्या अंगणात, लिंबाखाली, गावातली सगळी जाणती माणसं त्यांच्यासाठी माना खाली घालून उभी होती. हे घडवून आणलं मी. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली आहे. (वर्ग विचारू नका. लग्नाच्या बैठकीतही कुणी विचारला नव्हता.)

मी बीड शहरातली. लग्न होऊन केज तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा ओळीनं दुसरं वर्ष पावसानं पाठ फिरवली होती. विहिरींत दगड दिसत होते आणि दगडांवर सरडे. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं. राहिलेल्या घरांचा संसार चालायचा तो बायकांच्या दूध सोसायटीवर. सोसायटीच्या चेअरमन होत्या माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मामा सोसायटीत कुणीच नव्हते, म्हणून सगळा कारभार तेच बघायचे.

पण म्हशींना पाणी कुठून आणायचं? वैरण कुठून आणायची? टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नव्हतं. बायका दर बाजाराच्या दिवशी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आज न्हाई, पुढल्या बाजारी बघू." म्हशी विकल्या असत्या तर सोसायटी बसली असती. आणि मग कोयता घेऊन फडावर जाण्यावाचून त्या बायकांनाही गत्यंतर नव्हतं.

अशात निरोप आला. एका परदेशी संस्थेच्या बाई गावाला भेट देणार आहेत. मनात आलं तर त्या जनावरांसाठी मोठी सिमेंटची टाकी बांधून देतील आणि पावसापर्यंत वैरण पुरवतील. बाई इंग्लंडच्या, नाव मार्था. त्यांच्याबरोबर एक दुभाषी कार्यकर्ते येणार होते. ते मांजरसुंब्यापर्यंत आलेही. तिथं ढाब्यावर त्यांनी मिसळ खाल्ली, आणि मग त्यांना ढाब्याच्या मागच्या बाजूला जे जावं लागलं, ते तिथंच राहिले. जीप आली ती फक्त मार्थाबाई आणि ड्रायव्हरला घेऊन. ड्रायव्हरला इंग्रजीतलं 'हॉर्न' आणि 'ओके' एवढंच येत होतं.

मामांनी छाती काढली. "कावून घाबरायलाव बे? आमची सून हाय की! इंग्रजीत बी.ए. हाय!"

मी डोक्यावरचा पदर सावरला. इज्जतीचा सवाल होता.

आता माझ्या इंग्रजीबद्दल थोडं सांगायला हवं. शब्द मला भरपूर यायचे. घोटाळा क्रियापदांचा होता. साधं क्रियापद मला फार उघडंबोडकं वाटायचं, बिनदागिन्याच्या नवरीसारखं. म्हणून मी प्रत्येकाला 'इंग' लावायची. फारच सजवायचं झालं तर 'हॅज बीन' घालायची. काम चालू आहे, का होऊन गेलं, का रोजच होतं, हा फरक इंग्रज माणूस क्रियापदाच्या शेपटीवरून ओळखतो, हे पुस्तकात होतं. पण परीक्षेला तो धडा येणार नाही असं आमच्या सरांनी सांगितलं होतं.

गंमत म्हणजे हा फरक आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतो. 'टँकर यायलाय' म्हणजे धुरळा दिसतोय, घागर उचला. 'टँकर आलाय' म्हणजे पळा! आणि 'टँकर आलता' म्हणजे आता रडत बसा. गावातल्या बाईनं 'आलता' ऐकून घागर उचललेली मी कधी पाहिली नाही. मला मात्र इंग्रजीत तिन्ही टँकर एकच दिसायचे.

मार्थाबाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं लालबुंद, डोक्याला फडकं बांधलेलं, चेहरा अतिशय दयाळू. (हा दयाळूपणाच पुढं नडला.) येता येता त्यांनी वेशीजवळची विहीर लांबून पाहिली होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, विहिरीचं काय?

मी आवाज लावून म्हटलं, "वेल इज ड्राइंग!"

विहीर कोरडी होऊन चार महिने झाले होते. पण बाईंचा चेहरा खुलला. "ओह! सो देअर इज स्टिल सम वॉटर?"

"येस, येस," मी म्हटलं. अजून पाण्याची अडचण आहे का, असं त्या विचारतायत असं मला वाटलं.

मामांनी विचारलं, "काय म्हंत्यात?"

"त्यांना विहिरीचं समजलं, मामा. बघा, किती मनाला लावून घेतलं त्यांनी."

बाई हसत होत्या. मामा चक्रावले, पण बी.ए.पुढं बोलणार कोण?

अंगणात खाटा टाकल्या होत्या. सोसायटी बायकांची असली तरी स्वागताला सगळे पुरुष होते, कारण नेमका त्याच वेळी टँकर आला होता आणि समस्त सभासद घागरी घेऊन तिकडं पळाल्या होत्या. चहा आला. दूध सगळं डेअरीला जायचं, त्यामुळं चेअरमनच्या घरी चहा कोराच व्हायचा. काचेच्या ग्लासात, लालभडक. मामांचा ग्लास त्यांच्या हातात होताच. सकाळपासून जो माणूस येईल त्याच्याबरोबर त्यांना घ्यावा लागत होता. त्यातून मामांचे डोळे आले होते. लाल झालेले, सारखं पाणी गळतंय, आणि ते उपरण्यानं टिपतायत.

बाईंनी त्यांच्याकडं पाहून मला हळूच विचारलं, हे आपल्याबरोबर चहा घेणार ना?

मी म्हटलं, "नो, नो! ही हॅज बीन ड्रिंकिंग सिन्स मॉर्निंग!"

(माझं आवडतं रूप! एवढ्या अचूक ठिकाणी ते वापरल्याचा मला मनातून अभिमान वाटला.)

बाईंनी मामांचे डोळे पाहिले. मग ग्लास पाहिला. "सिन्स मॉर्निंग?"

"ही इज ऑलवेज ड्रिंकिंग," मी कौतुकानं सांगितलं. "व्हेन गेस्ट इज कमिंग, ही इज ड्रिंकिंग. व्हेन गेस्ट इज गोइंग, देन ऑल्सो."

मामांना आपलं नाव निघाल्याचं कळलं. त्यांनी ग्लास उंच करून बाईंना हसून नमस्कार केला.

बाईंनी घाईनं विषय बदलला. "अँड युवर मदर-इन-लॉ? आय कॅन्ट वेट टू मीट हर." त्या आल्याच होत्या चेअरमनबाईंना भेटायला.

आता बघा, मराठीत हे किती सोपं आहे. 'आत्याबाई बाहेर गेल्यात' म्हणजे येतील इतक्यात. 'आत्याबाई गेल्या' म्हणजे मात्र संपलंच. एका 'त'वर माणूस जिवंत राहतो! तो 'त' इंग्रजीत कुठं लावायचा हे मला माहीत नव्हतं. टँकर आला, त्या पळाल्या, टँकरखाली घागर लावायला गेल्यात, एवढं साधं मला सांगायचं होतं.

मी सांगितलं, "टँकर केम. शी वॉज रनिंग. शी वेंट अंडर टँकर." आणि हात हवेत उडवून म्हटलं, "शी हॅज गॉन."

बाईंच्या हातातला ग्लास खाली आला. "ओह माय गॉड. व्हेन?"

"धिस मॉर्निंग."

"धिस मॉर्निंग!" त्यांनी अंगणाकडं पाहिलं. खाटा, चहा, गूळ-शेंगदाण्यांची ताटली. "अँड यू मेड टी फॉर मी?"

"येस," मी नम्रपणे म्हटलं. "नो प्रॉब्लेम. धिस इज हॅपनिंग एव्हरी वीक."

बाईंनी छातीवर हात ठेवला. माझ्याकडं त्या अशा काही मायेनं बघायला लागल्या की मला वाटलं, माझं इंग्रजी त्यांच्या काळजाला भिडलंय. आणि मग मला जो जोर चढला! मला चेअरमनबाईंची थोरवी सांगायची होती. 'युज्ड टू' म्हणजे सवय असणे, हे मी पक्कं पाठ केलेलं. आत्याबाईंना कशाकशाची सवय आहे ते मी सांगत सुटले.

"शी युज्ड टू कॅरी टू पॉट्स! शी युज्ड टू मिल्क ऑल बफेलोज! ऑल लेडीज युज्ड टू लिसन हर!" थोडा खरेपणा असावा म्हणून पुढं म्हटलं, "शी युज्ड टू शाउट ॲट मी."

बाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "यू मस्ट मिस हर."

मला ऐकू आलं 'मिस्टेक'. सासूच्या हाताखाली चुका होतात का, असं विचारतायत.

"एव्हरी डे," मी कबूल केलं.

बाई उठून उभ्या राहिल्या. डोक्याचं फडकं काढलं, हात जोडले, डोळे मिटले आणि मान खाली घातली.

मामा माझ्या कानाशी आले. "काय करायल्यात ह्या?"

"प्रार्थना असावी."

"पावसाची का?"

"असेल."

मामांना भरून आलं. परदेशातनं येऊन आपल्या पावसासाठी प्रार्थना! ते वळून पुरुषांवर खेकसले, "बसलाव काय बे म्हशीवानी? उठा! पावसाची हाय! टोप्या काढा!"

सगळे भराभर उठले. टोप्या निघाल्या, माना खाली गेल्या. मामांनी डोळे टिपले. बाईंनी एक डोळा उघडून ते पाहिलं आणि त्यांना हुंदका फुटला. बाई रडताना बघून दोनतीन म्हातारेही रडायला लागले. दुष्काळात माणसाला रडायला निमित्त लागत नाही. मीही पदर डोळ्याला लावला. वातावरणच तसं होतं!

आणि त्या भरगच्च शांततेत, डोक्यावर एक घागर, कमरेवर दुसरी, घामानं निथळत, आत्याबाई फाटकातून आत आल्या. सगळे टोप्या काढून उभे, माना खाली, परकी बाई मुसमुसतेय. त्या जागीच थबकल्या.

"आगं बया! आता कोण मेलं?"

बाईंनी डोळे पुसत मला विचारलं, "हू इज शी?"

"माय मदर-इन-लॉ," मी आनंदानं म्हटलं. "शी हॅज कम."

"बट... यू सेड शी हॅज गॉन!"

"येस, येस. गॉन वॉज मॉर्निंग. नाऊ शी हॅज कम."

त्या बाईच्या चेहऱ्यावर काय काय होऊन गेलं, ते मी आजही सांगू शकणार नाही. (इंग्रजीत तर नाहीच.) त्यांनी एक किंकाळी फोडली, धावत गेल्या आणि आत्याबाईंना कडकडून मिठी मारली.

डोक्यावर भरलेली घागर असलेल्या बाईला मिठी मारू नये. हे इंग्लंडात शिकवत नसावेत.

घागर कलंडली, खाली आली, दगडावर आपटली आणि पाणी अंगणभर पसरलं.

"पाणी!" आत्याबाई ओरडल्या. कमरेवरची दुसरी घागर त्यांनी माझ्याकडं ढकलली आणि तशाच गुडघ्यावर बसल्या. दोन्ही हातांनी पाण्याला बांध घालायला लागल्या. मामा उपरणं घेऊन धावले, पाण्यात बुडवून बादलीत पिळायला लागले. म्हातारे खाली बसून ओंजळीनं भरायला लागले. दाव्याला बांधलेल्या म्हशीनं दावं ताणून मान लांब केली आणि चिखल चाटायला सुरुवात केली. जमीन इतकी तापलेली होती की बघता बघता पाणी आत मुरून गेलं. आत्याबाई ओल्या मातीवर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. भर उन्हात पळत जाऊन, रांगेत भांडून आणलेलं पाणी होतं ते.

मार्थाबाई भिंतीला टेकून हे पाहत होत्या. मग त्या हळूहळू आत्याबाईंपाशी येऊन खाली बसल्या, चिखलातच. आत्याबाईंच्या हाताला हात लावून म्हणाल्या, "सॉरी. सॉरी."

हे आत्याबाईंना कळलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमी काय मुद्दाम केलंय व्हय?" आणि रिकामी घागर घेऊन उठल्या.

बाईही उठल्या. घागर त्यांनी आत्याबाईंच्या हातातून घेतली आणि खुणेनं विचारलं, चला, कुठून भरायची? मला त्यांनी काही विचारलं नाही.

टँकर तर गेला होता. आत्याबाई त्यांना सरळ वेशीजवळच्या विहिरीवर घेऊन गेल्या, मागं आम्ही सगळे. बाईंनी आत वाकून पाहिलं. एक खडा उचलून टाकला. खाली दगडावर 'टण्ण' वाजलं.

बाई बराच वेळ वाकून उभ्या होत्या. मग माझ्याकडं वळल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "इट. हॅज. ड्राइड."

"येस मॅडम," मी म्हटलं. "कम्प्लीटली ड्राइंग."

परत येताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि शांतपणे, एकेक प्रश्न विचारून, सकाळपासूनचं सगळं उलगडून घेतलं. मला कळत गेलं तसतशी मी घामाघूम होत गेले. टाकी गेली, वैरण गेली, म्हशी बाजारात गेल्या, आणि सगळं माझ्या 'हॅज बीन'पायी! मामांना दारुडा केला, सासूला मारलं, आणि कोरड्या विहिरीत पाणी सोडलं. बाईंना वाटणार, ही सगळी फसवाफसवी आहे.

घरी येऊन मी रडतरडत सगळं कबूल केलं. मामा आधी हादरले. "मी? दारू? माळकरी माणूस मी!"

आत्याबाईंनी मात्र डोळे बारीक केले. "म्हंजी मी मेलते?"

"इंग्रजीत," मी म्हटलं.

"आन् तू रडलीस का न्हाई?"

"थोडी रडले. पण ते... पावसासाठी."

आणि मग आत्याबाईंना जे हसू फुटलं! खांबाला धरून हसल्या, खाली बसून हसल्या, पदर तोंडात कोंबून हसल्या. बघून मामा हसायला लागले. मार्थाबाईंना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण मेलेली बाई हसतेय एवढं त्यांना पुरलं. त्याही हसल्या. मग त्यांनी खाटेवर राहिलेला मामांचा ग्लास उचलला, हुंगला, एक घोट घेतला आणि मामांपुढं हात जोडले.

संध्याकाळी जीपमध्ये बसताना त्यांनी आत्याबाईंना जवळ घेतलं (घागर नाही ना, हे आधी नीट पाहून) आणि मला म्हणाल्या, "टेल हर, द फॉडर विल कम. अँड द टँक." फार सोपं वाक्य होतं. तरी मी ते दोनदा म्हणायला लावलं, आणि मगच रडतरडत सांगितलं, "वैरण येणार आहे आत्याबाई. टाकीपण."

"येणार हाय, का यायलीय?" आत्याबाईंनी विचारलं.

"येणार आहे."

"मग नीट सांग की. रडती कशाला?"

वैरणीच्या गाड्या खरंच आल्या. बाजाराच्या दिवशी बायका म्हशींना घेऊन गेल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्याआधी टाकीही झाली. तिच्यात पहिलं पाणी पडलं तेव्हा म्हशींच्या आधी मामांनी तोंड धुतलं, आणि त्यावरून आत्याबाईंनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं.

टाकी बघायला मार्थाबाई परत आल्या. मी वर्षभर व्याकरणाचं पुस्तक घोटून तयार होते. कुठलंही क्रियापद येऊ दे, माझी वाक्यं दारात रांग लावून उभी! बाई जीपमधून उतरल्या, आत्याबाईंकडं गेल्या, आणि अडखळत, पण स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आत्याबाई, तुमी कशा हायत? म्हशी बऱ्या हायत का?"

मग माझ्याकडं वळून त्यांनी हात जोडले. "ताई, आपन मराठीतच बोलू या. मी शिकलेय."

सोसायटीच्या त्या वर्षीच्या सभेत आभाराचा ठराव चेअरमनबाईंनी स्वतः मांडला. आत्याबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "इंग्रजानं दीडशे वर्सं राज केलं, पर त्याला मराठी शिकाया कुणी भाग पाडलं न्हाई. आमच्या सूनबाईनं एका दिवसात पाडलं! तिचं इंग्रजी ऐकून लंडनच्या बाईला वाटलं, ह्यापरीस मराठी सोपी! म्हून सोसायटी तिचे आभार मानती, आन् हितून पुढं तिनं इंग्रजी बोलू नये अशी इनंती करती."

ठराव बिनविरोध मंजूर झाला. विरोधात मी हात वर केला होता, पण मी सभासद नव्हते.